एबल थ्रपच्या चिठ्ठ्या

मी संशयी आहे असं माझी बहीण लेटी म्हणते, आणि कौतुकाने म्हणत नाही. पण शब्दकोशाच्या कचेरीत अठरा वर्षं काढलेल्या बाईने संशय घ्यायचा नाही, तर काय लोकर विणत बसायचं? आमचा धंदाच तो. कुणी म्हणालं की अमुक शब्दाचा तमुक अर्थ होतो, की आम्ही विचारायचं, कशावरून? कुठल्या पुस्तकात? कितव्या पानावर? उत्तर आलं नाही तर तो अर्थ गेला टोपलीत.

आमचं काम चालायचं चिठ्ठ्यांवर. देशभरातली दोनएकशे माणसं घरी बसून जुनी पुस्तकं वाचायची. कुणी पाद्री, कुणी शाळामास्तरीण, कुणी अंथरुणाला खिळलेली बाई. एखादा शब्द वेगळ्या अर्थाने आला की तळहाताएवढ्या कागदावर तो शब्द, साल, पुस्तक, पान आणि ते वाक्य उतरवून आम्हाला धाडायची. यांना आम्ही वाचक म्हणायचो. फुकटचं काम. मोबदला म्हणाल तर एवढाच, की खंड छापून निघाला की सुरुवातीच्या पानांवर बारीक टाइपात वाचकांची नावं यायची.

माझ्या टेबलावर अकरा वर्षं एकच शब्द पडून होता, रन. शाळेतल्या कुठल्याही मुलाला विचारा, रन म्हणजे धावणं, झालं. अहो, कसलं झालं? घोडा रन करतो हे मान्य. पण नदीही रन करते आणि सर्दी झाली की नाकही. लाल फ्लॅनेल धुतलं की त्याचा रंग रन होतो. खानावळ रन करावी लागते, कोंबड्यांच्या जाळीच्या आवाराला रन म्हणतात, पत्त्यांत ओळीने पानं लागली की ती रन, आणि क्रिकेटचं तर विचारूच नका. प्रत्येक अर्थाचा एक ढीग, असे माझ्याकडे एकशे ऐंशी ढीग होते. ते टेबलावरून खिडकीच्या कट्ट्यावर आणि तिथून जमिनीवर आले होते. खिडकी उघडायची मला चोरी होती. एक झुळूक आली की अकरा वर्षं उडून जातील, या भीतीने मी ऐन उन्हाळ्यातही घामाघूम बसायचे.

ज्या अर्थाला पुरेसे जुने दाखले मिळत नसत, त्यांची एक यादी आम्ही दर तीन महिन्यांनी वाचकांना पाठवायचो. आम्ही तिला हवं-नको यादी म्हणायचो, पण त्यात नको काहीच नसायचं, सगळं हवंच असायचं. यादी गेली की वर्ष-सहा महिन्यांत दोन-चार चिठ्ठ्या याव्यात, हा नेम. काही अर्थांना दहा वर्षांत काही येत नसे.

आणि मग एबल थ्रप.

हा गृहस्थ ऑल्डरविक नावाच्या खेड्यात राहायचा. चर्चची घंटा वाजवायची आणि थडगी खणायची, हे त्याचं जन्मभराचं काम. सव्वीस वर्षं तो चिठ्ठ्या पाठवत होता आणि त्यातली पंचवीस वर्षं कचेरीत कुणी त्याच्याकडे लक्षही दिलं नव्हतं. अक्षर गोल, ओळ सरळ, दाखले बेताचे. प्रत्येक पाकिटात शेवटी एकच वाक्य. "माझ्या नावात शेवटी दोन पी आहेत, खंडात एक छापू नये." त्याला बाकी काही नको होतं. नाव छापून यावं आणि नीट यावं.

सव्विसाव्या वर्षी हा माणूस अचानक हुशार झाला. मार्चच्या यादीत मी मेणबत्तीच्या रनचा, म्हणजे मेण ओघळण्याचा, जुना दाखला मागितला. बाराव्या दिवशी थ्रपची चिठ्ठी हजर, साल सोळाशे सत्तेचाळीस. जूनच्या यादीत सायीच्या रनचा मागितला. पंधराव्या दिवशी चिठ्ठी. सप्टेंबरच्या यादीतही तेच. सगळे दाखले एकाच वहीतले, मार्जरी हॅकेट नावाच्या कुण्या पाद्र्याच्या बायकोची हाताने लिहिलेली घरगुती वही, जी दुसऱ्या कुणी पाहिली नव्हती. मागितलं की आलं. मला पहिल्या चिठ्ठीला आनंद झाला, दुसरीला मी चष्मा पुसला आणि तिसरीला मला कळून चुकलं की इथे पाणी मुरतंय.

मी लिहिलं, वही पाहायला पाठवा. उत्तर आलं, "वही चर्चच्या पेटीतली आहे, ती गावाबाहेर जाऊ देत नाहीत. आपण या आणि बघा. चहाची सोय होईल."

मी गेले नाही. ऑल्डरविक चाळीस मैलांवर होतं, सकाळची गाडी धरली असती तर संध्याकाळी परत आले असते. पण थडगी खणणाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन त्याचा चहा प्यायचा आणि त्याने पुढे केलेली वही खरी मानायची, हे काही माझ्या मनाला पटेना. खरं सांगायचं तर मला त्याला पकडायचं होतं. म्हणून मी सापळा लावला.

डिसेंबरच्या यादीच्या सगळ्या प्रती सारख्या होत्या. फक्त थ्रपच्या प्रतीत मी टाइपरायटरवर एक ओळ वाढवली. रनचा असा एक अर्थ मी मनाने रचला, जो असूच शकत नाही. बाकीचे एकशे ऐंशी अर्थ हलणारे, वाहणारे, चालणारे. मी यांच्या उलटा रचला. मधमाश्यांचा थवा घर सोडून उठण्याआधी त्यांना पाळायच्या टोपलीत क्षणभर जी शांतता होते, तिला म्हणायचं रन. धावण्याच्या शब्दाला थांबण्याचा अर्थ. लिहिताना मला हसूही आलं. म्हटलं, आता दाखव बाबा तुझी वही.

चौदाव्या दिवशी पाकीट आलं.

"सोळाशे एक्कावन्न. मार्जरी हॅकेट. पान एकतीस. आज दुपारी तिसऱ्या टोपलीत रन पडली, आणि पाठोपाठ माश्या उठून सफरचंदावर गेल्या." आणि खाली, नावात दोन पी आहेत.

मी ती चिठ्ठी घेऊन तडक आमच्या प्रमुखांकडे गेले. डॉक्टर फॅनशॉ हे सावकाश बोलणारे, सावकाश रागावणारे गृहस्थ. मी सापळ्याची हकीकत सांगितली. मला न विचारता हे केलंत, असं ते म्हणाले. मी म्हटलं, विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

"म्हणजे त्याच्या सगळ्याच चिठ्ठ्या काढाव्या लागणार," ते म्हणाले.

"आणि नाव," मी म्हटलं. "वाचकांची यादी छापायला पुढच्या महिन्यात जातेय. लबाडाचं नाव तिथे नको."

पत्र मीच लिहिलं, त्यांनी सही केली. मला त्यातली दोन वाक्यं अजून तोंडपाठ आहेत. "आम्हाला हवं तेच नेमकं आपल्याकडे दर वेळी सापडावं, हे संशयास्पद आहे. शेवटचा अर्थ तर आम्ही स्वतःच रचला होता, त्यामुळे त्याचा दाखला अस्तित्वात असणं शक्य नाही." पेटीत पत्र टाकताना मला फार बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, रविवारी, मी लेटीकडे चहाला गेले. लेटी माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आणि शब्दकोशाची तिला मुळीच पर्वा नाही. तरी मी तिला सगळं रंगवून सांगितलं. मधमाश्यांची शांतता, रचलेला अर्थ, फसलेला थडगीवाला. फुशारकी मारायला घरात दुसरं होतं तरी कोण? लेटी जिऱ्याच्या केकचे तुकडे करत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"तू कुठे रचलास? ते आई म्हणायची."

"काय म्हणायची?"

"हेच. मधमाश्यांचं. आलुबुखाराच्या झाडाखाली आपण दोघी खेळत असायचो. आई टोपलीला कान लावायची, मग बोट ओठांवर ठेवून म्हणायची, गप बसा गं, रन पडलीय. आणि मग आपण घरात पळायचं, कारण माश्या उठणार."

"हे तू आत्ता माझं ऐकून म्हणतेयस."

"हेस्टर, मला तुझ्या कचेरीत आणू नकोस."

"बरं, मग 'पडलीय' कुठून आणलंस? मी 'पडली' म्हटलं नव्हतं."

"मी कुठे म्हणतेय तू म्हणालीस? आई म्हणायची. रन पडते. होत नाही, येत नाही, पडते."

मी माझं सगळं बोलणं मनात पुन्हा चाळून पाहिलं. मी तिला फक्त अर्थ सांगितला होता. थ्रपचं वाक्य सांगितलं नव्हतं. 'पडली' हा शब्द मार्जरी हॅकेटच्या वहीत होता, थ्रपच्या चिठ्ठीत होता आणि आता माझ्या बहिणीच्या तोंडात होता. आमचं गाव ऑल्डरविकहून दोन टेकड्या पलीकडे.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि लेटी अकराची. मला आईचा चेहरा आठवत नाही, आवाज तर नाहीच. मी तो अर्थ रचला नव्हता. तिचं एकच वाक्य माझ्याजवळ उरलं होतं आणि ते तिचं आहे हेही मला ठाऊक नव्हतं. एका म्हाताऱ्याला पकडायला मी ते आमिष म्हणून लावलं. मला लेटीसमोर रडू आलं, आणि मी रडले.

"आता त्या बिचाऱ्याचं काय?" लेटीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळची गाडी धरली.

थ्रपचं घर चर्चच्या भिंतीला लागून होतं. दार त्यानेच उघडलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा उंच, वाकलेला माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी नाव सांगितलं. तो बाजूला झाला.

स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. बुटांचे खोके, बिस्किटांचे डबे, आणि सगळीकडे चिठ्ठ्या. मला क्षणभर माझ्याच टेबलासमोर उभी असल्यासारखं वाटलं. मी एक खुर्ची ओढली.

"ती नको," तो म्हणाला. "तिच्यावर १९०९ साल आहे. त्या स्टुलावर बसा."

मी स्टुलावर बसले. "मिस्टर थ्रप, हे सगळं काय आहे?"

"मी पाठवलेल्या प्रत्येक चिठ्ठीची नक्कल माझ्याकडे आहे. तुमचं पत्र आल्यापासून पुन्हा तपासतोय. पुस्तक काढायचं, पान काढायचं, वाक्य जुळवायचं. तीनशे दहा झाल्या."

"कशासाठी?"

"खोटी शोधतोय." त्याने डोळ्यांवरचा चष्मा नीट केला. "तुमच्यासारखी शिकलेली माणसं लिहितात की मी वाक्यं रचतो, म्हणजे कुठेतरी रचलं असणार. मला आठवत नसेल. वय झालंय. अजून एकही सापडली नाही, पण अडीच हजार उरल्यात."

हे तो टोमणा म्हणून बोलला असता तर मला सोसलं असतं. तो खरंच बोलत होता.

"वही दाखवता?" मी म्हटलं.

त्याने कपाटातून ती काढली. कापडात गुंडाळलेली, कडा कुरतडलेल्या. "आता इथे ठेवलीय. पाद्रीबुवांची परवानगी आहे. एकतीस पान बघा." मी पाहिलं. वाक्य होतं. पण शाई आजूबाजूच्या ओळींपेक्षा काळीभोर.

"तेच ना," थ्रप म्हणाला. "अक्षरं पुसट झाली होती. वीस वर्षांपूर्वी मी काही पानांवर माझ्या टाकाने गिरवलं. वाचता यावं म्हणून. करू नये, कळतं मला. आता ती ओळ बघतो आणि खाली बाईने काय लिहिलं होतं ते दिसत नाही, माझंच अक्षर दिसतं. तुम्ही म्हणता तो अर्थ नाहीच. मग मी काय गिरवलं?"

आणि मागच्याच वर्षी तुम्हाला एवढे दाखले कसे सापडले, हेही मी विचारलंच. सवय कुठे जाते?

"गुडघा गेला," तो म्हणाला. "खणणं बंद झालं. आयुष्यात पहिल्यांदा दिवसभर बसायला मिळालं, तर ती वही पाठ करून टाकली. तुमची यादी आली की मला नुसतं आठवायचं असायचं."

एवढं साधं होतं. मी एकदा चहाला आले असते तर कळलं असतं.

मग मी त्याला सांगितलं. आलुबुखाराचं झाड, आई, लेटी, 'पडली'. माझ्या मते फार नीट सांगितलं. माफीही मागितली, जी मी सहसा मागत नाही.  मग थ्रपने खिशातून आमचं पत्र काढलं, चार घड्या उलगडल्या आणि बोट ठेवून वाचलं.

"आम्हाला हवं तेच नेमकं आपल्याकडे दर वेळी सापडावं, हे संशयास्पद आहे." त्याने वर पाहिलं. "मिस ऑर्म, मला आत्ता काय हवंय? कुणीतरी येऊन सांगावं की मी खोटा नाही. आणि तुम्ही नेमकं तेच घेऊन आलात."

"पण हे खरं आहे."

"कशावरून?"

अठरा वर्षं हा प्रश्न मी विचारत आले. मला कुणी विचारला नव्हता.

"पुस्तक नाही," मी म्हटलं. "आईने काही लिहून ठेवलं नाही. तिला लिहिताही येत नव्हतं."

"म्हणजे तुमचा शब्द."

"माझा आणि बहिणीचा."

त्याने खोक्यातून एक कोरी चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली, टाक दिला. मी शब्द लिहिला. साल अंदाजे. पुस्तकाच्या जागी आईचं नाव लिहिलं, मेरी ऑर्म, आणि आमच्या गावाचं. पानाच्या जागी काय लिहायचं ते कळेना, तिथे मी झाडाखाली असं लिहिलं. मग वाक्य. थ्रपने चिठ्ठी उजेडात धरून दोनदा वाचली.

"बहिणीचा पत्ता लिहा मागे," तो म्हणाला. "मी विचारून घेईन."

चहा त्याने दिला नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मंगळवारी मी डॉक्टर फॅनशॉंच्या पुढ्यात उभी राहिले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. 

"थ्रपचं नाव परत घालू," ते म्हणाले. "पण मिस ऑर्म, मला एक सांगा. मनातून काढला म्हणालात तो अर्थ आठवणीतला निघाला. मग आठवणीतले, वाचलेले म्हणून जे बाकीचे एकशे ऐंशी तुम्ही मांडलेत, त्यातले मनातून काढलेले किती?"

"एकही नाही."

"कशावरून?" असं ते म्हणाले नाहीत. सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी नुसतं सांगितलं की उद्यापासून रन हा शब्द आमच्याच कचेरीतल्या मिस्टर बॅगटकडे जाईल आणि ते प्रत्येक ढीग पहिल्यापासून तपासतील. बॅगटने पहिल्याच दिवशी येऊन खिडकी उघडली. मी ढिगांवर हात धरायला धावले, पण त्याने आधी चिठ्ठ्यांवर विटा ठेवल्या होत्या. एवढी साधी गोष्ट अकरा वर्षांत मला सुचली नव्हती.

वसंतात खंड निघाला. वाचकांच्या यादीत थ्रप आहे, दोन पी सकट. ते मी स्वतः तीनदा तपासलं. मधमाश्यांचा अर्थ मात्र छापला गेला नाही. नियमाप्रमाणे दोन लेखी दाखले लागतात. एक होता तो गिरवलेला, आणि आईचं बोलणं कोशाच्या लेखी काहीच नाही. ती चिठ्ठी थ्रपकडेच आहे.

मी त्याला खंडाची प्रत पाठवली. पोच आली नाही. महिनाभराने लेटीकडे गेले तर टेबलावर गोल अक्षरातलं एक पत्र पडलेलं.

"तुझ्या थडगीवाल्याचं," लेटी म्हणाली. "हे तिसरं. सात प्रश्न विचारलेत मेल्याने. झाड कुठल्या बाजूला होतं, टोपल्या किती होत्या, आई कुठल्या कानाने ऐकायची. मला जेवढं आठवतं तेवढं लिहिलं."

"सातवा काय आहे?"

लेटीने केकची ताटली माझ्याकडे सरकवली. "विचारतोय, तुमची बहीण लहानपणी खोटं बोलायची का."

"मग? तू काय लिहिलंस?"

"लिहिलं, कधीच नाही," लेटी म्हणाली. "पण बाकी सगळे खोटं बोलतात असं तिला फार वाटायचं."